चाकांवरच्या घराचे पाणी
- प्रतिनिधी

घराला चाके लावून प्रवासाला निघालेल्या कुटुंबाला रस्ता, मुक्काम आणि वेळ या तिन्ही बाबतींत मोकळीक मिळते. हॉटेलच्या आरक्षणाची चिंता नको, जेवणाच्या वेळांचे बंधन नको, की रोजची सामानाची बांधाबांध नको. मात्र या स्वातंत्र्याबरोबर एक जबाबदारी मुकाट्याने अंगावर येते, ती म्हणजे पाण्याची. शहरातल्या घरात तोटी फिरवली की पाणी येते आणि वापरलेले पाणी मोरीतून निघून जाते. त्याआधी आणि त्यानंतर जे काही घडते, त्याची काळजी महापालिकेने वाहायची असते. कॅराव्हॅनमध्ये ही सोय नाही. उद्भव शोधणे, साठवण, शुद्धीकरण, वितरण आणि सांडपाण्याची विल्हेवाट अशी पाणीपुरवठा खात्याची पाचही कामे प्रवाशालाच करावी लागतात. त्यांपैकी एकात हयगय झाली, तरी सहलीचा शेवट दवाखान्यात होऊ शकतो.

ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड या देशांत कॅराव्हॅनने फिरण्याची प्रथा जुनी आहे. तेथे स्थायिक झालेली मराठी कुटुंबेही सुट्टीत अशी वाहने भाड्याने घेतात. महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटन धोरण आणले, केरळनेही त्याच वर्षी तसे धोरण जाहीर केले. त्यामुळे हा विषय आता केवळ परदेशस्थांचा राहिलेला नाही.

रस्त्याने पाणी देण्याचे दिवस

पूर्वीच्या काळी तांड्यांना पाणी पुरवण्याचे काम रस्त्याचे होते. कल्याण आणि जुन्नर यांना जोडणाऱ्या नाणेघाटात सातवाहन राणी नागनिकेच्या शिलालेखामुळे प्रसिद्ध झालेले लेणे आहे, तशीच कातळात खोदलेली पाण्याची टाकीही आहेत. घाट चढून आलेल्या वाटसरूंना आणि जनावरांना तेथे पाणी मिळत असे. पुढच्या काळात बारवा, धर्मशाळांचे आड आणि पाणपोया यांनी हीच गरज भागवली. प्रवासी सोबत बाळगी ते पखालीत किंवा चामड्याच्या पिशवीत मावेल इतकेच.

आधुनिक कॅराव्हॅनने हे नाते उलटे केले. आता पाणवठा वाहनातच बसवलेला असतो. त्यामुळे प्रवासी हवा तेथे थांबू शकतो, पण पाणवठ्याची राखणही त्यालाच करावी लागते.

किती पाणी लागते?

नागरी पाणीपुरवठा योजनांसाठी भारतात माणशी दररोज १३५ लिटरचे प्रमाण धरले जाते. जलजीवन मिशनमध्ये ग्रामीण भागासाठी ते ५५ लिटर आहे. कॅराव्हॅनमध्ये यांपैकी कोणतेही प्रमाण परवडणारे नाही. आपत्तीग्रस्तांच्या छावण्यांसाठी जगभर मान्य असलेले किमान प्रमाण माणशी १५ लिटरचे आहे. बेताने राहणाऱ्या प्रवाशाचे नियोजन त्याच्याच आसपास बसते.

चार जणांच्या कुटुंबाचे उदाहरण घेऊ. माणशी पिण्यासाठी ३ लिटर, स्वयंपाकासाठी ३, भांड्यांसाठी ४, हातपाय व तोंड धुण्यासाठी २ आणि आंघोळीसाठी ८ असा हिशेब केला, तर माणशी २० आणि एकूण ८० लिटर होतात. म्हणजे १०० लिटरची टाकी सव्वा दिवसात रिकामी होईल. आंघोळ एका दिवसाआड केली आणि भांडी आधी कागदाने पुसून मग धुतली, तर हीच टाकी दोन दिवसांच्या जवळपास पुरते. शॉवर सतत चालू ठेवल्यास मात्र कोणताच हिशेब टिकत नाही. अंग ओले करणे, शॉवर बंद करून साबण लावणे आणि पुन्हा सोडून अंग धुणे ही पद्धत त्यासाठीच सांगितली जाते. आपल्याकडची तांब्या-बादलीची आंघोळ याबाबतीत अधिक सरस आहे, कारण बादलीत किती पाणी उरले ते डोळ्यांना दिसते.

मग मोठी टाकी का बसवू नये, असा प्रश्न साहजिकच पडतो. त्याचे उत्तर वजनात आहे. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. दोनशे लिटरची भरलेली टाकी म्हणजे तीन धडधाकट माणसांचे वजन. प्रत्येक वाहनाला एकूण वजनाची कायदेशीर मर्यादा असते. युरोपातील अनेक मोटारघरांसाठी ती ३,५०० किलो आहे. शिवाय अर्धवट भरलेल्या टाकीतले पाणी वळणावर आणि ब्रेक लावताना हिंदकळते व वाहनाचा तोल बिघडवते. यासाठी चांगल्या टाक्यांना आतून आडवे पडदे असतात आणि त्या शक्यतो चाकांच्या आसाजवळ, तळाशी बसवलेल्या असतात. मोटारीमागे ओढल्या जाणाऱ्या कॅराव्हॅनमध्ये टाकी भरलेली आहे की रिकामी, यावर जोडणीच्या आकड्यावर पडणारा भार बदलतो, हेही लक्षात ठेवावे. पुढच्या मुक्कामी खात्रीचे पाणी असेल, तर अर्धी टाकी रिकामी करून निघणे इंधनाच्या दृष्टीनेही फायद्याचे. मात्र ती खात्री आधी दूरध्वनी करून घेतलेली असावी.

खात्रीचा उद्भव

परदेशातील कॅराव्हॅन तळांवर पिण्याच्या पाण्याचा स्वतंत्र, पाटी लावलेला नळ असतो. ब्रिटनमध्ये वाहनात मोठी टाकी ठेवण्याऐवजी ४० लिटरचे, जमिनीवरून लोटत नेता येणारे पिंप वापरण्याची पद्धत आहे. ते नळावर भरून कॅराव्हॅनशेजारी ठेवले जाते आणि त्यात बुडवलेला छोटा पंप पाणी आत खेचतो.

अशा तळांवर धोका पाण्यात कमी आणि तोटीवर जास्त असतो. शौचालयाची टाकी धुणारे लोक काही वेळा नियम मोडून हाच नळ वापरतात. त्यामुळे नळी जोडण्यापूर्वी तोटी जंतुनाशकाने पुसावी, काही क्षण पाणी वाहू द्यावे आणि मगच टाकी भरावी.

आपल्याकडे २०२१ च्या धोरणानुसार कॅराव्हॅन पार्कमध्ये पाणी, वीज यांसारख्या मूलभूत सोयी अपेक्षित आहेत. परंतु असे पार्क प्रत्येक मार्गावर नाहीत आणि बहुतेक प्रवाशांना पेट्रोलपंप, ढाबा, हॉटेल किंवा ओळखीचे घर यांवर अवलंबून राहावे लागते. येथे पहिला प्रश्न विचारायचा तो असा, की हे पाणी नळयोजनेचे आहे की कूपनलिकेचे? नळयोजनेच्या पाण्यात क्लोरिन असण्याची शक्यता असते. कूपनलिकेच्या पाण्यात ते नसते, शिवाय दख्खनच्या अनेक भागांत ते जड असते. कोकण किनाऱ्यावर एप्रिल-मे महिन्यांत काही विहिरींना खारटपणा येतो, तर पावसाळ्यात सर्वत्र गढूळपणाचा प्रश्न असतो.

पाणी स्वच्छ आहे का, हे पाहण्यासाठी अनेक जण टीडीएस मोजणारे छोटे यंत्र खिशात बाळगतात. हे यंत्र पाण्यात विरघळलेले क्षार मोजते. जंतू मोजत नाही. आकडा कमी आला म्हणून पाणी निर्धोक ठरत नाही. ग्रामपंचायतीत पाण्यातील क्लोरिन तपासण्यासाठी वापरली जाणारी ओटी टेस्ट प्रवाशाच्या अधिक उपयोगाची आहे. नळीत पाणी घेऊन द्रावणाचे थेंब टाकायचे. पिवळा रंग आला, तर क्लोरिन आहे असे समजायचे. भारतीय मानकानुसार क्लोरिनयुक्त पाण्यात किमान ०.२ मिलिग्रॅम प्रतिलिटर मुक्त क्लोरिन शिल्लक असायला हवे.

यात नीतीचाही एक प्रश्न आहे. उन्हाळ्यात माण-खटाव किंवा मराठवाड्यातील टँकरग्रस्त गावांतून जाताना गावच्या टाकीवर वाहन लावून शंभर लिटर पाणी भरून घेणे म्हणजे तेथील जवळजवळ दोन माणसांचा दिवसभराचा वाटा उचलणे होय. कोणी अडवणार नाही, कारण पाण्याला नाही म्हणू नये ही आपली रीत आहे. म्हणूनच मागणाऱ्याने विचार करायला हवा. अशा भागात शिरण्यापूर्वीच टाकी भरून घ्यावी आणि पिण्यासाठी सीलबंद, एफएसएसएआय परवाना क्रमांक असलेले वीस लिटरचे जार सोबत ठेवावेत. सुटे थंड पाणी भरून विकले जाणारे जार दिसायला सारखेच असतात, पण त्यांतील पाण्याची हमी कोणी घेतलेली नसते.

उद्भवच नसेल तर

पाण्याच्या नियोजनाची खरी कसोटी पाहायची असेल, तर दक्षिण ऑस्ट्रेलियातील नलारबॉर पठाराकडे पाहावे. नावाचाच अर्थ 'एकही झाड नाही' असा आहे. सुमारे दोन लाख चौरस किलोमीटरच्या या चुनखडीच्या पठारावर पाऊस कमी पडतो आणि पडलेले पाणी खडकाच्या भेगांतून खाली निघून जाते. त्यामुळे तेथे नदी नाही, ओढा नाही. एडवर्ड जॉन आयर या प्रवाशाने १८४१ मध्ये किनाऱ्याकिनाऱ्याने हा प्रदेश ओलांडला. वाळूच्या टेकड्यांत आदिवासींनी खणलेल्या झऱ्यांनी त्याला तारले. एरवी पहाटे पानांवरचे दव स्पंजने टिपून त्याने तहान भागवली.

त्याच आयरच्या नावाचा महामार्ग आज तेथून जातो. १९७६ मध्ये तो संपूर्ण डांबरी झाला. पश्चिमेकडील नॉर्समन ते पूर्वेकडील सेडुना हे अंतर सुमारे १,२०० किलोमीटरचे आहे. त्यात बॅलाडोनिया आणि कायगुना यांच्या दरम्यानचा १४६.६ किलोमीटरचा पट्टा एकही वळण न घेता जातो. वाटेत पेट्रोल, जेवण आणि मुक्काम मिळणारी ठिकाणे आहेत, पण पाणी मात्र सहजासहजी मिळत नाही. तेथील लोकच कूपनलिकेच्या खाऱ्या पाण्यावर प्रक्रिया करून किंवा दुरून पाणी आणून भागवत असतात. काही विसाव्यांवर पावसाचे पाणी साठवणाऱ्या टाक्या आहेत, मात्र त्या भरलेल्या असतील याची शाश्वती नाही.

हे अंतर आरामात कापायला तीन ते चार दिवस लागतात. चार जणांना केवळ पिणे आणि स्वयंपाक यांसाठी माणशी सहा लिटर धरले, तरी चार दिवसांचे ९६ लिटर होतात. वाहन बंद पडले तर मदत येईपर्यंत लागणारे पाणी वेगळे. त्यामुळे अनुभवी प्रवासी दोन नियम पाळतात. पहिला, सगळे पाणी एकाच टाकीत ठेवायचे नाही. रस्त्यावरच्या खड्याने तळाची टाकी फुटली किंवा सांधा निखळला, तर सारेच गमावले जाते. दुसरा, पिण्याचे पाणी स्वतंत्र कॅनमध्ये वाहनाच्या आत ठेवायचे आणि ते आंघोळीसाठी कधीही उघडायचे नाही. हे दोन्ही नियम विदर्भातल्या उन्हाळ्यात किंवा कच्छच्या रणाकडे जातानाही तितकेच लागू पडतात.

टाकी, नळी आणि पंप

टाकी खाद्यपदार्थांसाठी योग्य अशा प्लास्टिकची किंवा स्टेनलेस स्टीलची असावी. ती अपारदर्शक असणे महत्त्वाचे, कारण प्रकाश आत शिरला की शेवाळ धरते. तिच्या हवा जाण्याच्या तोंडाला बारीक जाळी हवी. डेंगीचा प्रसार करणाऱ्या डासाची अंड्यापासून पूर्ण वाढ व्हायला उष्ण हवेत आठ-दहा दिवस पुरतात. दोन आठवडे अंगणात उभी असलेली कॅराव्हॅन त्याला आयतेच घर देते.

पाणी भरण्याची नळी पिण्याच्या पाण्यासाठीच बनवलेली असावी. बागेच्या हिरव्या नळीने पाण्याला प्लास्टिकचा वास लागतो आणि तिच्यात साचलेल्या पाण्यात जंतू वाढतात. वापर झाल्यावर नळी पूर्ण निथळून, दोन्ही तोंडे एकमेकांना जोडून ठेवावी. शौचालयाची टाकी धुण्याची नळी वेगळ्या रंगाची असावी आणि ती वेगळ्या कप्प्यात ठेवावी. या दोन नळ्यांची अदलाबदल होणे हा गॅस्ट्रोला आमंत्रण देण्याचा हमखास मार्ग आहे.

टाकीतले पाणी नळापर्यंत नेण्याचे काम १२ व्होल्टचा छोटा पंप करतो. तोटी उघडली की दाब कमी होतो व पंप सुरू होतो. बंद केली की थांबतो. कोणतीही तोटी उघडी नसताना पंप मधूनमधून घरघरत असेल, तर कुठेतरी गळती आहे असे समजावे. वाहन चालू असताना पंपाचे बटण बंदच ठेवावे. हादऱ्यांनी सांधा सुटला, तर चालू पंप सगळी टाकी वाहनाच्या तळावर ओततो आणि हे मुक्कामावर पोहोचेपर्यंत कळतही नाही. तळावरच्या नळाला थेट जोडणी घेताना मध्ये दाब कमी करणारी झडप बसवावी, कारण शहरी पुरवठ्याचा दाब वाहनातल्या नाजूक नळ्यांना सोसेलच असे नाही.

शुद्धीकरण : क्रम महत्त्वाचा

चांगले पाणी अस्वच्छ टाकीत भरले, तर ते अस्वच्छच होते. म्हणून शुद्धीकरणाची सुरुवात टाकीपासून करायची असते. हंगामाच्या सुरुवातीला, तसेच वाहन दीर्घकाळ उभे राहिल्यानंतर टाकी निर्जंतुक करावी. सुमारे पाच टक्के तीव्रतेचे, सुगंध नसलेले सोडियम हायपोक्लोराइट प्रतिलिटर पाण्यास एक मिलिलिटर या प्रमाणात, म्हणजे १०० लिटरच्या टाकीस १०० मिलिलिटर घालावे. सर्व तोट्या क्लोरिनचा वास येईपर्यंत उघड्या ठेवून द्रावण नळ्यांत पोहोचवावे. चार तासांनी सर्व पाणी काढून टाकावे आणि वास जाईपर्यंत टाकी दोन-तीनदा धुवावी. हे पाणी कोणत्याही परिस्थितीत पिऊ नये. टाकीत साचलेले क्षार काढण्यासाठी व्हिनेगर वापरायचे असेल, तर ते वेगळ्या दिवशी वापरावे. क्लोरिन आणि आम्ल एकत्र आले की विषारी वायू निर्माण होतो.

टाकी स्वच्छ असली, तरी भरलेल्या पाण्यातील क्लोरिन दिवसागणिक कमी होत जाते, उन्हाळ्यात अधिक वेगाने. त्यामुळे तीन-चार दिवसांपेक्षा जुने पाणी पिण्यासाठी वापरू नये. शंकास्पद पाणी उकळणे हा आजही सर्वांत खात्रीचा उपाय आहे. खळखळून उकळी आल्यावर एक मिनिट पुरते. दोन हजार मीटरपेक्षा अधिक उंचीवर पाणी कमी तापमानाला उकळत असल्याने तीन मिनिटे उकळावे. इंधन वाचवायचे असेल, तर क्लोरिनच्या गोळ्या वेष्टनावरील प्रमाणात टाकून अर्धा तास थांबावे. गढूळ पाण्यात मात्र हा उपाय अपुरा पडतो. तुरटी फिरवून गाळ बसू द्यावा, वरचे पाणी कापडातून गाळून घ्यावे आणि नंतरच क्लोरिन वापरावे.

फिल्टरबाबतही काही गैरसमज आहेत. कार्बनचा फिल्टर वास व चव सुधारतो, पण त्याबरोबर क्लोरिनही काढून घेतो. त्यापुढचे पाणी संरक्षणाविना राहते. म्हणून असा फिल्टर टाकीच्या आधी न बसवता पिण्याच्या तोटीशी बसवावा आणि त्याचे काडतूस वेळेवर बदलावे. अतिनील किरणांचे यंत्र जंतू मारते, मात्र पाणी नितळ असेल तरच. आरओ यंत्र क्षार काढते, पण त्या प्रक्रियेत बरेच पाणी वाया घालवते. मोजून पाणी वापरणाऱ्या कॅराव्हॅनला ही चैन परवडत नाही.

कोमट पाण्याचा धोका

१९७६ मध्ये अमेरिकेतील फिलाडेल्फिया येथे माजी सैनिकांच्या अधिवेशनास आलेल्या अनेकांना न्यूमोनियाने गाठले. पुढच्या वर्षी त्यास कारणीभूत असलेला जंतू सापडला. संघटनेच्या नावावरून त्याला 'लिजिओनेला' हे नाव मिळाले. सुमारे २० ते ४५ अंश सेल्सिअसच्या साचलेल्या पाण्यात तो वाढतो आणि पाण्याच्या बारीक तुषारांतून श्वासावाटे फुप्फुसात जातो.

कॅराव्हॅनचा शॉवर आणि गरम पाण्याची छोटी टाकी यांची तेथे नेमकी सांगड बसते. आपल्या उन्हाळ्यात तर थंड पाण्याची टाकीदेखील सहज या तापमानात असते. उपाय सोपा आहे. गरम पाणी ६० अंशांपर्यंत तापवावे, आणि वाहन काही दिवस उभे राहिले असल्यास शॉवरचे तोंड बादलीत बुडवून, तुषार न उडवता, आधी साचलेले पाणी सोडून द्यावे. इतके गरम पाणी भाजू शकते, म्हणून लहान मुलांना शॉवरखाली नेण्यापूर्वी त्यात थंड पाणी मिसळले आहे याची खात्री करावी. वयस्कर मंडळी व दम्याचे रुग्ण सोबत असतील, तर ही दक्षता टाळू नये.

थंड प्रदेशात नेमकी उलट अडचण येते. पाणी गोठताना सुमारे नऊ टक्क्यांनी प्रसरण पावते आणि पंप, नळ्या, तोट्या फोडते. लडाख असो की युरोपातील हिवाळा, वाहन उभे करून ठेवताना संपूर्ण यंत्रणा रिकामी करावी आणि तोट्या उघड्या ठेवाव्यात.

गेलेले पाणी जाते कुठे?

आत आलेले जवळजवळ सर्व पाणी सांडपाणी होऊन बाहेर पडते. भांड्यांचे व आंघोळीचे पाणी एका टाकीत, तर शौचालयाचे दुसऱ्या बंद टाकीत साठते. दोन्हींची विल्हेवाट नेमून दिलेल्या जागीच लावायची असते. साबणाचे पाणी ओढ्यात, तळ्यात वा समुद्रकिनाऱ्यावर सोडणे म्हणजे पुढच्या प्रवाशाचा आणि त्या गावाचा उद्भव नासवणे होय. जेथे सोय नाही तेथे आधी परवानगी घेऊन हॉटेलच्या किंवा सार्वजनिक शौचालयाच्या निचऱ्यात ते सोडावे. सांडपाण्याच्या टाकीची क्षमता शुद्ध पाण्याच्या टाकीइतकी असेल, तर नियोजन सोपे जाते.

निघण्यापूर्वी

- टाकी निर्जंतुक करून धुतली आहे का, हे पाहावे.
- पुढच्या दोन खात्रीच्या उद्भवांची ठिकाणे व अंतरे लिहून ठेवावीत.
- पिण्याचे किमान दोन दिवसांचे पाणी स्वतंत्र कॅनमध्ये आत ठेवावे.
- पाण्यासकट वाहनाचे वजन काट्यावर एकदा करून घ्यावे.
- क्लोरिनच्या गोळ्या, तुरटी, ओटी टेस्टचे द्रावण, पंपाचा फ्यूज व नळीची जादा वायसरे सोबत घ्यावीत.
- पाण्याची पातळी दाखवणाऱ्या काट्यावर पूर्ण विसंबू नये; किती भरले व किती वापरले याची नोंद वहीत ठेवावी.

ही वही सर्वांत स्वस्त आणि सर्वांत उपयोगी ठरते. दोन-तीन दिवसांतच आपल्या कुटुंबाचा खरा वापर तिच्यातून कळतो. त्या आकड्यावरून पुढचा मुक्काम किती दूर असावा हे ठरवता येते. घरी परतल्यावर तोटी उघडताना हाच आकडा आठवला, तर सहलीने आणखी एक गोष्ट शिकवली असे म्हणता येईल.